तेल कोणाच्या शब्दावर घालावे?

समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापाशी आहे. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला खुला झाला आणि नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. सपाटीवर मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. लहान पेट्रोल इंजिनाची गाडी या वेगाला वरच्या गिअरमध्ये मिनिटाला साधारण साडेतीन हजार फेरे घेते. म्हणजे आमणे ते नागपूर या एकाच प्रवासात तिच्या क्रँकशाफ्टचे बारा लाखांच्या घरात फेरे होतात, आणि ओव्हरटेक करताना किंवा चढावर गिअर खाली घेतला की काटा पाच-सहा हजारांवर जातो. याच गाडीने आदल्या दिवशी माणकोली नाक्यावर किंवा अंजूरफाट्यावर कंटेनरच्या रांगेत तास-दीड तास नुसते जागच्या जागी धडधडत काढलेला असतो. अशा गाडीत कोणते इंजिन ऑइल घालावे, हा प्रश्न गॅरेजमधला वाटतो आणि तिथेच तो सोडवलाही जातो. पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न आहे: जे आपल्याला दिसत नाही आणि स्वतः पडताळूनही पाहता येत नाही, त्याबद्दल दुसऱ्याचा शब्द मानणे हे ज्ञान आहे की भाबडेपणा? माझे उत्तर असे की ते ज्ञानच आहे, मात्र बोलणाऱ्याने जेवढे पाहिले तेवढ्यापुरते. ही मर्यादा तेलाला लागू आहे तशीच ती धर्मालाही लागू आहे, असे मला दाखवायचे आहे.

आधी इंजिनाच्या आत काय चालते ते पाहू. आपल्याकडे चढ्या फेऱ्यांचे इंजिन म्हणून ज्याचे नाव निघते ते २००८ साली आलेल्या होंडा सिटीचे दीड लिटरचे आय-व्हीटेक इंजिन. त्याची पूर्ण ताकद, ११८ पीएस, मिनिटाला ६,६०० फेऱ्यांवर मिळते. हा आकडा सेकंदावर आणला तर ११० फेरे होतात. दर फेऱ्यात पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकाला एकेकदा थांबतो, म्हणजे सेकंदात २२० वेळा तो शून्यावर येतो आणि तितक्याच वेळा पुन्हा पळतो. मधल्या प्रवासात त्याचा सरासरी वेग सेकंदाला वीस मीटरच्या जवळ असतो. फेरे दुप्पट झाले की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना मागे-पुढे फेकणारा जोर चौपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हा सगळा जोर क्रँकच्या बेअरिंगवर येतो, आणि तिथे धातू आणि धातू यांच्यामध्ये असतो तेलाचा एक पापुद्रा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ. बेअरिंगमध्ये हा पापुद्रा गतीनेच तयार होतो. फिरणारा दांडा तेलाला अरुंद जागेत ओढून नेतो, तिथे दाब निर्माण होतो आणि दांडा त्या दाबावर तरंगतो. पण पिस्टन टोकाला थांबतो त्या क्षणी गती नसते, म्हणून पापुद्राही विरतो. तिथे तेलात मिसळलेली जस्त-फॉस्फरसची संयुगे धातूवर जे कठीण आवरण बसवतात, तेच झीज रोखते. तेव्हा तेलाला दोन अगदी वेगळी कामे करायची असतात: पळत्या जागी पुरेसे दाट राहायचे आणि थांबत्या जागी रसायनाच्या बळावर टिकायचे. शिवाय उष्णता वाहून न्यायची, काजळी स्वतःत धरून ठेवायची, फेस होऊ द्यायचा नाही. आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ज्या इंजिनात आहे तिथे त्या यंत्रणेच्या खिळ्या तेलाच्याच दाबाने सरकतात, म्हणजे तेल हा त्या इंजिनाचा एक चालता भागही असतो.

यातले काहीही मालकाला दिसत नाही. भिवंडीत हे सांगताना यंत्रमाग आठवल्याशिवाय राहत नाही, कारण यंत्राला तेल घालण्याची जी समज या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कमावली ती मागावर कमावली. माग उघडा असतो. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे जातो, दांडे आणि दंतचक्रे डोळ्यांसमोर फिरतात, तेल कुठे घालायचे ते दिसते. कमी पडले तर खडखड वाढते, जास्त झाले तर कापडावर डाग पडतो आणि माल नापास होतो. इथे डोळा, कान आणि बोट यांचा निर्णय खरा ठरतो. बंद इंजिनाशी वागताना आपण तीच सवय घेऊन जातो आणि तिथे ती फसते. डिपस्टिकवरचे तेल दोन बोटांत चोळून ‘पातळ झालंय’ म्हणणाऱ्याला कळतो तो तीस-पस्तीस अंशांवरचा, हलक्या हाताखालचा दाटपणा. बेअरिंगमधले तेल दीडशे अंशांपर्यंत तापलेले असते आणि इतक्या जबर ओढीखाली सरकत असते की त्यात मिसळलेले दाटपणा राखणारे पॉलिमर आडवे पडतात, तेल तात्पुरते आणखी पातळ होते. रंगाचेही तेच. काळे झालेले तेल बहुतेकांना मेलेले वाटते, पण काजळी आणि घाण पकडून ठेवणे हे तेलाचे काम आहे आणि काळेपणा पुष्कळदा ते काम चालू असल्याची खूण असते. उलट, वारंवार लहान फेऱ्या मारून ज्यात पेट्रोल मिसळले आहे ते तेल सोनेरी दिसूनही कमजोर असू शकते. ज्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा काटा असतो, तिथे दाट तेल घातले की दाब चढा दिसतो आणि मालक निश्चिंत होतो. प्रत्यक्षात पंपाचा झडपदरवाजा उघडून तेल परत तळाशी जात असते आणि बेअरिंगमधून वाहणारे तेल कमी झालेले असते. किलोमीटरचा आकडासुद्धा पुरा खरा नाही. माणकोलीच्या कोंडीतला तास इंजिनाच्या आयुष्यातून जातो, ओडोमीटरवर चढत नाही.

प्रत्यक्ष अपुरे पडले की आपण अनुमानाकडे वळतो, आणि तेलाच्या शास्त्राचा पायाच एका उत्तम अनुमानात आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये ब्यूशँप टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला भोक पाडले, तर यंत्र चालू होताच तेल त्या भोकातून वर येऊ लागले. बूच बसवले, ते बाहेर ढकलले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही सरकत बाहेर आली. दोन धातूंच्या मध्ये साधे ओलेपण नसून मोठा दाब आहे, हे त्या खुंटीने दाखवले. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्या दाबाचे गणित मांडले आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच समीकरणावरून होते. खुंटी दिसली हे प्रत्यक्ष, दाब आहे हे अनुमान, आणि त्या अनुमानाची शंभर-सव्वाशे वर्षांत झालेली वाढ म्हणजे आजच्या डब्यावरचे आकडे. ‘५डब्ल्यू-३०’ मधला ३० सांगतो की १०० अंशांवर तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या पट्ट्यात आहे. शिवाय १५० अंशांवर, जबर ओढीखाली तो एका किमान मर्यादेखाली जाता कामा नये: २० क्रमांकाला २.६, तर ३० ला २.९. चढ्या फेऱ्यांच्या इंजिनासाठी दुसरा आकडा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण तो बेअरिंगच्या आतल्या परिस्थितीच्या जास्त जवळ आहे. पण तो मोजायला जे यंत्र लागते ते गाडीच्या मालकाकडे नाही, गॅरेजकडे नाही, दुकानदाराकडेही नाही. अनुमान आहे, ते दुसऱ्याने केलेले आहे, आणि आपल्यापर्यंत ते शब्द म्हणूनच पोचते.

इथे न्यायदर्शनाचा एक उपाय सुचवता येईल. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरे की खोटे हे त्यावर विसंबून केलेली कृती यशस्वी होते का यावरून ठरते: दुरून पाणी दिसले, गेलो, तहान भागली, म्हणजे ते मृगजळ नव्हते. मग तेल घालून पाहावे, इंजिन टिकले तर सल्ला खरा! गॅरेजमध्ये ऐकू येणारे ‘आमची गाडी लाखभर किलोमीटर याच ऑइलवर गेली’ हे वाक्य याच न्यायाने बोललेले असते. अडचण अशी की इथे तहान भागली की नाही हे कळायला आठ-दहा वर्षे लागतात. चुकीच्या तेलाने इंजिन त्या दिवशी बसत नाही. रिंगा आणि बेअरिंगचे कवच कणाकणाने झिजते, तेल खाऊ लागते, आणि इंजिन बांधायची वेळ येते तेव्हा दोष तेलाचा होता, हवेच्या फिल्टरमधून आलेल्या धुळीचा होता की चालवणाऱ्याच्या पायाचा, हे वेगळे काढता येत नाही. तेच इंजिन तेवढ्याच रस्त्यावर दुसऱ्या तेलावर पुन्हा चालवून पाहणेही अशक्य. शिवाय जी लाखभर किलोमीटर गेली ती मुंबई-आग्रा रस्त्याच्या जुन्या संथ गर्दीत गेली असेल, तर समृद्धीवरच्या सलग सहा तासांबद्दल तिची साक्ष कशी चालेल? कृतीच्या यशाची कसोटी जिथे फळ लवकर आणि स्वच्छ दिसते तिथे उत्तम आहे. इथे ती मुकी आहे.

म्हणून उरतो शब्द, आणि शब्दाला कमी लेखण्याचे कारण नाही. वात्स्यायनांचे न्यायसूत्रांवरचे भाष्य सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे. त्यात आप्त कोणाला म्हणावे याची जी व्याख्या आहे ती मला भारतीय तत्त्वज्ञानातली सर्वांत उपयोगी व्याख्या वाटते. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ज्ञान आणि प्रामाणिकपणा, दोन्ही हवे, एक पुरत नाही. पुढे भाष्यकार स्पष्ट करतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे. जन्म, भाषा, पंथ यांचा त्याच्याशी संबंध नाही. ज्या समाजात कोणाचे ऐकायचे हे पुष्कळदा जातीवरून ठरत होते, तिथे हे वाक्य लिहिले गेले, याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. कल्याण नाक्याच्या पलीकडल्या गॅरेजमध्ये, शाळा चौथीत सोडलेल्या एखाद्या मिस्त्रीने शेकडो पेट्रोल इंजिने उघडली असतील, कोणत्या इंजिनाच्या कॅमवर कशी झीज येते हे हातात धरून पाहिले असेल आणि ऑइलच्या विक्रीवर त्याला वेगळे कमिशन मिळत नसेल, तर त्या विषयात तो आप्त आहे. चकचकीत शोरूममध्ये टाय लावून बसलेला सल्लागार, ज्याने एकही इंजिन उघडलेले पाहिले नाही आणि ज्याला महिन्याचे लक्ष्य गाठायचे आहे, तो दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही.

यावर महाराष्ट्रातला वाचक जो आक्षेप घेईल तो गंभीर आहे आणि त्याचा मान राखूनच उत्तर दिले पाहिजे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केल्यापासून मराठी विचारात शब्दप्रामाण्य विरुद्ध बुद्धिप्रामाण्य असा एक वाद सतत चालत आला. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, बाबा सांगतात म्हणून खरे, या वृत्तीने किती माणसे नाडली गेली हे नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर दाखवले, आणि त्या कामापायी त्यांचा जीव गेला. मग शब्दाला पुन्हा प्रमाणाच्या आसनावर बसवणे म्हणजे ती चळवळ मागे नेणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. आगरकरांचा विरोध तपासणी नाकारणाऱ्या शब्दाला होता. कोणीही एकटा माणूस सगळे स्वतः तपासू शकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते: युरोपातले शास्त्र त्यांनी प्रयोगशाळेत पुन्हा करून नव्हे, ग्रंथांतूनच स्वीकारले. बुद्धीचे काम दुसऱ्याचा शब्द टाळणे हे नाही. तो शब्द कोणाचा, त्याला हे कुठून कळले, खोटे बोलण्यात त्याचा लाभ आहे का, आणि जिथे तपासता येते तिथे तो खरा ठरला आहे का, हे विचारणे हे तिचे काम आहे. फक्त स्वतः पाहीन तेच मानीन असे म्हणणारा चार्वाकपंथी मालक शेवटी दोन बोटांत तेल चोळत बसतो, आणि त्याचे बोट त्याला खोटे सांगते.

आता गाडीसोबत आलेली पुस्तिका घ्या. पुष्कळजण तिच्याकडे मीमांसक वेदाकडे पाहतात तसे पाहतात. मीमांसकांचे म्हणणे असे की वाक्यातले दोष वक्त्यामुळे येतात, वेदाला कर्ताच नाही, म्हणून त्यात दोष शिरायला वाट नाही. पुस्तिकेला मात्र कर्ता आहे आणि त्याचे हेतू आहेत. भारतात २०१७-१८ पासून कंपनीच्या एकूण गाड्यांच्या सरासरी इंधनखपतीवर नियम आले आणि २०२२-२३ पासून ते आणखी कडक झाले. पातळ तेलाने आतले घर्षण थोडे कमी होते आणि तेवढे पेट्रोल वाचते, हे कंपनीला हवेच असते. काही कंपन्यांच्या एकाच इंजिनासाठी एका देशाच्या पुस्तिकेत फक्त ०डब्ल्यू-२० लिहिलेले असते आणि दुसऱ्या देशाच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लाही जागा असते. यावरून पुस्तिका फेकून द्यावी असा निष्कर्ष गॅरेजवाले काढतात तो मात्र घाईचा. बेअरिंगमधली फट, तेलाच्या वाहिन्यांची रुंदी, व्हॉल्व्हच्या खिळ्या सरकवायला लागणारा दाब ज्यांनी ठरवला, त्यांच्याइतके ते इंजिन दुसऱ्या कोणीही पाहिलेले नाही. ज्ञान पुरे, हेतू मिश्र, अशी ही साक्ष आहे. अशा साक्षीत ती स्वतःच्या लाभाविरुद्ध काय बोलते ते शोधायचे असते. जवळजवळ प्रत्येक पुस्तिकेत मागच्या पानांवर खडतर वापराची यादी असते: धूळ, सतत थांबत-चालत जाणे, लहान अंतरे, उष्ण हवेत दीर्घकाळ वेगाने चालवणे. अशा वापरात तेल किती लवकर बदलायचे तेही तिथे दिलेले असते. कोंडी, रस्त्यावरची धूळ, मागांच्या शेडमधून हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि त्यावर समृद्धीची धाव, यांतले भिवंडीच्या गाडीला काय चुकते? धर्मशास्त्रकारांनी देश, काळ आणि पात्र पाहून आचार सांगितला, पण वाचणारे सामान्य विधी पाठ करतात आणि अपवाद वाचत नाहीत. पुस्तिकेचेही तेच होते. त्यातले ‘दहा हजार किलोमीटर’ सर्वांना पाठ असते, मागचे पान कोरे राहते.

याच प्रकारची एक समजूत कोकणपट्टीत फार पक्की आहे. इथे थंडी कुठे पडते, मग ‘०डब्ल्यू’ किंवा ‘५डब्ल्यू’चे पैसे कशाला मोजायचे? डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे, ही माहिती खरी. पण इंजिनाच्या दृष्टीने भिवंडीतली प्रत्येक सकाळ थंडच असते. बाजारातल्या साधारण १५डब्ल्यू-४० तेलाचा दाटपणा १०० अंशांवर चौदा सेंटिस्टोकच्या आसपास असतो, तर ४० अंशांवर शंभराच्या वर जातो. मे महिन्याच्या दुपारीही बंद गाडीतले तेल कामाच्या तापमानापेक्षा कितीतरी दाट असते, आणि ते वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोचायला जो वेळ लागतो त्यात धातू उघडा असतो. पहिला आकडा लहान असेल तर हा वेळ कमी होतो. माझा निर्णय विचाराल तर असा: पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० आणि ५डब्ल्यू-३० दोन्हींना जागा असेल आणि गाडी वारंवार लांबवर वेगाने पळत असेल, तर चांगले सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घ्यावे, एपीआय एसपी या २०२० सालच्या दर्जाचे, आणि बदलण्याची मुदत खडतर वापराची धरावी. पुस्तिकेत एकच क्रमांक असेल तर तोच घ्यावा. ‘गरम मुलूख आहे, ५० घाला’ हा सल्ला चढ्या फेऱ्यांच्या नव्या इंजिनाला घातक आहे, तो कितीही आपुलकीने दिलेला असो.

हा सल्ला देणारा खोटे बोलत नसतो. भिवंडीच्या गोदामांमुळे इथली बहुतेक गॅरेजे ट्रकची, आणि ट्रकच्या डिझेल इंजिनाबद्दल तो मिस्त्री अधिकाराने बोलतो. ते इंजिन अडीच हजार फेऱ्यांपलीकडे सहसा जात नाही, काजळी भरपूर करते, आणि १५डब्ल्यू-४० त्याला मानवते. त्याने पाहिले ते खरे. चूक होते ती ते ज्ञान दुसऱ्या क्षेत्रात नेताना. मोटारसायकलवालेही उलट्या बाजूने हीच चूक करतात: घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले मोटारीचे तेल घालतात आणि तेलात बुडालेला क्लच सरकू लागतो. या ठिकाणी मला न्यायदर्शनाशी मतभेद नोंदवावा लागतो. वेद प्रमाण का, याला गौतमांच्या सूत्रांत एक प्रसिद्ध युक्तिवाद आहे: विषावरचे मंत्र आणि आयुर्वेद यांचे फळ दिसते, म्हणजे ते सांगणारे आप्त होते. मग त्याच आप्तांनी स्वर्गादी अदृष्टाबद्दल सांगितलेलेही प्रमाण मानावे. पहिली पायरी भक्कम आहे. दिसणाऱ्या बाबतीत पारखून मग न दिसणाऱ्या बाबतीत मानणे, हा विश्वासाचा रास्त क्रम आहे, आणि मिस्त्रीला आपण असेच पारखतो: ब्रेक, क्लच, फिल्टर यांत त्याचे निदान बरोबर आले की ऑइलबद्दलही ऐकतो. पण ब्रेक आणि ऑइल एकाच यंत्राचे भाग आहेत, एकाच प्रकारच्या अनुभवाने कळणारे. ज्वरावरचे काढे आणि मरणोत्तर गती यांच्यात असा सांधा नाही. औषधात आप्त असलेला माणूस परलोकातही आप्त असतो, हे म्हणणे म्हणजे ट्रकच्या मिस्त्रीचा शब्द होंडाच्या इंजिनाला लावणे होय.

शब्दाची आणखी एक वाट तपासायची असते, ती म्हणजे तो आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातून आला. डब्यावरचे ‘एपीआय एसपी’ हे अक्षर खरे, आणि आत वापरलेले तेल गाळून भरलेले, असे होऊ शकते. बनावट इंजिन ऑइलचे साठे पकडल्याच्या बातम्या राज्यभरातून येत असतात, आणि ज्या गावातून निम्म्या देशाचा माल वाटला जातो तिथल्या माणसाने याबाबत जास्त सावध असायला हवे. इथे भिवंडीच्या मदरशांत शिकवली जाणारी एक विद्या आठवते. हदीसच्या अभ्यासकांनी प्रेषितांचे वचन म्हणून आलेले प्रत्येक वाक्य त्याच्या इस्नादवरून, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवरून तपासले. साखळीतल्या प्रत्येकाची स्मरणशक्ती कशी होती, तो खरे बोलणारा होता का, याच्या चरित्रकोशांची मोठी परंपरा निर्माण झाली. नवव्या शतकातले इमाम बुखारी आणखी पुढे गेले: एकाने दुसऱ्याकडून ऐकले म्हटले, तर दोघांची भेट झाल्याचा पुरावा हवा. वाक्य सुंदर आहे, पटण्याजोगे आहे, एवढ्यावर ते ग्राह्य धरायचे नाही. तेलाच्या डब्याला हीच शिस्त लावावी. कंपनीने नेमलेला वितरक, त्याच्याकडून घेतल्याचे बिल देणारा दुकानदार, न फुटलेले सील, स्कॅन करून पाहता येणारा कोड. साखळीतला एक दुवा अज्ञात असेल आणि भाव बाजारापेक्षा खूप खाली असेल, तर डब्यावर काय लिहिले आहे याला किंमत उरत नाही.

शेवटचा आक्षेप श्रद्धावानांकडून येईल आणि तो सर्वांत अवघड आहे. शब्दाची मर्यादा वक्त्याच्या अनुभवाइतकी मानली, तर ईश्वर आणि परलोक यांबद्दल कोणीच आप्त उरणार नाही, मग धर्माचे काय? मला वाटते, सामान्य भाविकाने हा प्रश्न व्यवहारात आधीच सोडवलेला आहे. खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घालणारा आणि काचेवर ७८६ लिहिणारा, दोघेही ऑइल वेळेवर बदलतात. हार घातला म्हणून डिपस्टिक पाहायची नाही, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही. देवाकडे ते जे मागतात ते वेगळे: रस्त्यावर जे आपल्या हातात नाही त्याबद्दलची निर्धास्ती, आणि हातात असलेले नीट करण्याची बुद्धी. धर्माच्या क्षेत्रातही पाहून बोलता येण्याजोगा एक मोठा भाग आहे. एखाद्या साधनेने राग उतरतो का, लोभ कमी होतो का, दुःखात माणूस मोडत नाही का, हे ज्याने स्वतःवर आणि इतरांवर वर्षानुवर्षे पाहिले, तो त्या बाबतीत आप्त आहे आणि त्याचा शब्द मिस्त्रीच्या शब्दाइतकाच ज्ञान देतो. घरचे आणि शेजारचे त्याच्या वागण्यावरून तो पारखूही शकतात. त्यापलीकडे, मेल्यावर काय होते याबद्दल तो बोलू लागला, तर ती त्याची श्रद्धा आहे. ती धरायला कोणाची हरकत नसावी, पण धरणाऱ्याने तिला श्रद्धा म्हणूनच ओळखावे आणि तिच्या नावाने दुसऱ्याच्या मुलीचे लग्न, दुसऱ्याचे औषध किंवा दुसऱ्याचे ताट ठरवू नये. गुरूला, मौलवीला, कीर्तनकाराला ‘हे तुम्ही कुठे पाहिलेत?’ असे विचारण्यात अपमान नाही. गॅरेजमध्ये आपण मिस्त्रीला ते विचारतो, आणि चांगला मिस्त्री कपाटातून झिजलेले बेअरिंग काढून हातावर ठेवतो.